हाऊस ऑफ द ड्रॅगन: हेलेनाचं पुढे काय होणार? (स्पॉयलर आहेत)

पिंपळपान

नमस्कार मंडळी. हाऊस ऑफ द ड्रॅगन म्हणजे गेम ऑफ थ्रोन्सच्या आधीच्या काळातली, गादीसाठी रेनिरा आणि तिचा सावत्र भाऊ एगॉन ह्यांच्यात पेटलेल्या युद्धाची सिरीयल, आणि हेलेना म्हणजे ह्या एगॉनची बहीण आणि राणी. तिसऱ्या सीझनची तयारी म्हणून पहिले दोन्ही सीझन परत सलग बघून काढले आणि तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय, हेलेनाचं काय होणार? रेनिरा, तिचा नवरा डेमन, हेलेनाचा भाऊ एमंड ह्यांच्यावर तासन्‌तास चर्चा चालते, कोण मरणार, कुणाचा ड्रॅगन कुणाला गिळणार वगैरे, पण हिचं नाव काढलं की लोक "ती होय, ती वेडसर राणी" म्हणतात आणि पुढे जातात. मला ते खरंच लागतं.

पहिल्या सीझनचा सहावा भाग आठवा. ती लहान आहे, हातावर गोम घेऊन बसलीये आणि आईला, अ‍ॅलिसेंटला, सांगतेय की हिला ६० वलयं आहेत, प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या, म्हणजे २४० पाय. मग म्हणते, हिला डोळे आहेत पण दिसत असेल असं वाटत नाही. अ‍ॅलिसेंट शेजारी बसून हो ला हो करतेय. तेवढ्यात एमंडला ड्रॅगन नाही हा विषय निघतो आणि ही मान वर न करता पुटपुटते, त्याला एक डोळा मिटावा लागेल. पुढच्याच भागात एमंडला व्हेगार ही ड्रॅगन मिळते आणि त्याच रात्री डोळा जातो! पहिल्यांदा बघताना हे वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं, ह्या वेळी अंगावर काटा आला.

नंतर "फळ्यांखालच्या जनावरापासून सावध राहा" हे पण तीच म्हणते, आणि नवव्या भागात राज्याभिषेक चालू असताना जमीन फोडून रेनिराच्या बाजूची रेनीस तिच्या मेलीस ड्रॅगनवर बसून वर येते. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात नवऱ्याला सांगते की मला भीती ड्रॅगनची नाही, उंदरांची वाटते, आणि त्याच रात्री उंदीर पकडणारा माणूस राजवाड्यात शिरून तिचं पोर मारतो. एवढं सगळं ती सांगते आणि एकजण, एकजण सुद्धा थांबून विचारत नाही की बाई गं तुला नक्की काय दिसलं.

तर पुस्तक वाचलेल्यांनी सांगा, तिच्या नशिबात काय आहे आणि सिरीयलवाले ते तसंच ठेवतील का बदलतील? मला स्पॉयलर चालतील, पण माझी बहीण पण इथे वाचते आणि तिला चालत नाहीत, त्यामुळे वर इशारा लिहून मगच लिहा प्लीज.

बखरप्रेमी

पिंपळपान, धागा छान काढलात.

‼️ इथून पुढे पुस्तकातलं आहे, बहिणीने खाली सरकावं ‼️

मूळ पुस्तक 'फायर अँड ब्लड' २०१८ साली आलं पण ती कादंबरी नाही, ती आपल्या भाषेत सांगायचं तर बखर आहे. म्हणजे सगळं घडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी एक आर्चमेस्टर, म्हणजे त्या जगातला मोठा विद्वान, जुनी कागदपत्रं समोर घेऊन लिहितोय, एक साधू एक सांगतो, दरबारातला विदूषक मश्रूम भलतंच सांगतो, आणि खरं काय ते आपण ठरवायचं. म्हणून "पुस्तकात असंच आहे" हे वाक्य मी जपून वापरतो.

तर बखरीप्रमाणे, रेनिरा राजधानी घेते, हेलेना मेगोरच्या गढीत कैदेत असते आणि एके रात्री खिडकीतून खाली पडते, खाली खंदकात लोखंडी सुळे असतात. वय २१. तिने स्वतः उडी घेतली असं इतिहासकार म्हणतो, पण शहरात अफवा पसरते की रेनिराने मारवलं, आणि हेलेना लोकांची लाडकी असते म्हणून दंगल पेटते, आणि ती दंगल शेवटी ड्रॅगन ठेवतात त्या ड्रॅगनपिटपर्यंत जाते. मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ त्याच्या आधीची आहे. ती गेली त्याच क्षणी तिकडे ड्रॅगनपिटमध्ये साखळदंडाने बांधलेली तिची ड्रॅगन ड्रीमफायर डरकाळी फोडून उठते आणि दोन साखळ्या तोडते. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, त्या रात्री पुढे वाचवेना.

आता बदलाचा प्रश्न. पुस्तकात तिला तीन मुलं असतात, जुळी आणि धाकटा मेलोर. मारेकरी तिला दोन मुलांमधला एक निवडायला लावतात, ती धाकट्याकडे बोट करते आणि ते मोठ्याला मारतात, म्हणजे आईने ज्याला मरायला निवडलं तोच पोरगा जिवंत राहतो. सिरीयलमध्ये मेलोर जन्मालाच आला नाही. ह्यावर मूळ लेखक मार्टिन ह्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या ब्लॉगवर नाराजी लिहिली, एक छोटं पोर गाळलं की पुढे काय काय कोसळतं ते त्यात सविस्तर होतं, आणि थोड्याच वेळात ते लिखाण काढूनही टाकलं. त्यामुळे हेलेनाचा शेवट जरी तोच ठेवला तरी त्यामागचं कारण त्यांना नव्याने उभं करावं लागणार. तिथेच मला धाकधूक आहे.

चिंब_पाऊस

आधी एक छोटी दुरुस्ती, ती गोम नाही हो! गोमेला एका वलयाला पायांची एकच जोडी असते आणि ती चावते. एका वलयाला दोन जोड्या म्हणजे तो वाणी, पावसाळ्यात अंगणात हात लावला की गोल गुंडाळी करून पडतो तो, काही ठिकाणी पैसा किडा म्हणतात. मी हे उगीच काढत नाहीये. वाणी कुणाला काही करत नाही, धक्का लागला की नुसता स्वतःला गुंडाळून घेतो. हेलेना तशीच आहे. सगळ्या घरात कुणाच्या वाट्याला न जाणारी ती एकटीच, आणि सगळ्यात मोठा घाव तिलाच.

त्या खुनाच्या रात्रीचा सीन बरेच लोक म्हणाले की मवाळ केला. मला नाही तसं वाटलं. ती गळ्यातला हार काढून त्यांच्यापुढे धरते, ते नको म्हणतात, मग मुलगा कोणता विचारतात आणि ती बोट दाखवते. मग मुलीला उचलून जिना उतरत आईच्या खोलीत जाते आणि एवढंच म्हणते की त्यांनी मुलाला मारलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. फिया साबानने ते वाक्य ज्या आवाजात म्हटलंय तो आवाज माझ्या डोक्यातून दोन दिवस गेला नव्हता. मी स्वतः आई आहे, धक्का बसल्यावर माणूस किंचाळतोच असं नाही हे मी बघितलेलं आहे.

मला ती जगायला हवीये. बाकी मला कळत नाही.

सह्यकडा

चिंब_पाऊस, तुमच्या भावना पटतात पण लॉजिक लावलं तर अवघड दिसतंय. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग घ्या. एमंड तिच्या मागे लागलाय की ड्रीमफायर घेऊन युद्धाला चल, ती नाही म्हणते, आणि वर त्याला तोंडावर सांगते की एगॉन परत राजा होईल, लाकडी सिंहासनावर बसेल, आणि तू मेलेला असशील, गॉड्स आय तलावाने तुला गिळलेलं असेल.

(पुस्तकातलं, सावधान) हे दोन्ही पुस्तकाशी जुळतं! एगॉन परत येतो तेव्हा पाय मोडलेले असतात, लोखंडी सिंहासनाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून तळाशी लाकडी आसन मांडून त्यावर दरबार भरवतो. आणि एमंड आणि डेमन गॉड्स आयवरच लढतात. म्हणजे सिरीयलवाल्यांनी स्वतःच हेलेनाच्या तोंडून सांगून टाकलंय की मोठे शेवट आम्ही बदलणार नाही. मग तिचा एकटीचा कसा बदलतील?

डेमनचं मात्र अजून उघडं आहे, कारण पुस्तकात एमंडचा सांगाडा बऱ्याच वर्षांनी तळ्यातून मिळतो, व्हेगारच्या खोगिराला साखळीने बांधलेला, डोळ्याच्या खोबणीत डेमनची तलवार, पण डेमनचं प्रेत कधीच मिळत नाही. तिथे त्यांना हात मोकळा आहे. हेलेनाच्या बाबतीत नाही.

दोन_घोट_चहा

मी पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचणार पण नाही, मला सोमवारी सकाळी उठून बघायची मजा हवी. तरी लिहितोय कारण ह्या भानगडीतून मी आधी गेलोय. २०१५ च्या जूनमध्ये गेम ऑफ थ्रोन्सचा पाचवा सीझन संपला, जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकलं आणि जवळजवळ वर्षभर आम्ही मित्र रोज तेच बोलत होतो, तो बर्फात पडलाय तेव्हा डोळा हलला का, केस कापले का नाही, हिरो एअरपोर्टवर दिसला म्हणजे शूटिंग चालू असणार. शेवटी मे २०१६ मध्ये तो उठला. पण ह्याच्या उलट त्याच सिरीयलमधला हॉडोर, स्वतःच्या नावापलीकडे काही न बोलणारा. त्याच्यावर कुणी थिअरी लिहीत बसलं नव्हतं, सगळ्यांना वाटायचं हा आहेच, हा कुठे जातोय, आणि त्याच महिन्यात त्या दारापाशी तो गेला आणि त्याच्या नावाचा अर्थ कळला तेव्हा आमच्या खोलीत कुणी बोलेना. ज्याच्याकडे आपलं लक्ष नसतं तिथे ही मंडळी घाव घालतात. म्हणून पिंपळपानने हेलेनाचा विषय काढला तेव्हा मला बरं पण वाटलं आणि पोटात गोळा पण आला.

आणि रेनिराचं नशीब तर २०१३ मध्येच सांगून झालंय. गेम ऑफ थ्रोन्सच्या तिसऱ्या सीझनमध्ये राजा जॉफ्री त्याच्या होणाऱ्या बायकोला, मार्जरीला, देवळात फिरवताना मजेत सांगतो की भावाच्या ड्रॅगनने तिला खाल्लं, मुलगा बघत होता. म्हणजे जिच्यासाठी आपण आत्ता जीव टाकतोय तिचं मरण कुणाच्या तरी फिरायला गेल्यावरच्या गप्पा होऊन राहिलंय. मला ते राहून राहून आठवतं.

ओसरी

सगळे हेलेनाच्या भविष्यवाणीबद्दल बोलतायत म्हणून आठवलं. आजी सांगायची की सहदेवाला सगळं आधीच कळायचं, जुगाराचं, वनवासाचं, युद्धाचं सगळं, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही अशी त्याला अट होती. आणि कुणी विचारलंच नाही. मला लहानपणी सहदेवाचा राग यायचा, की अरे ओरडून सांग ना. हेलेना बघताना तो राग गेला. ती तर सांगतेय, मोठ्याने सांगतेय, तरी काय उपयोग झाला?

आणि ही सगळी गोष्ट म्हणजे शेवटी भाऊबंदकीच आहे हो. रेनिरा आणि एगॉनचा बाप राजा व्हिसेरिस मरताना पूर्वज एगॉनच्या स्वप्नाबद्दल बोलतो, अ‍ॅलिसेंटला वाटतं आपल्या एगॉनला राजा कर म्हणतोय. एका नावाने घर पेटलं. आपल्याकडे ध चा मा केला म्हणतात तेव्हा मुद्दाम केला म्हणतात, इथे बिचारीला खरंच तसं ऐकू आलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण निदान कळल्यावर ती गप्प बसली नाही. शेवटच्या भागात एकटी रेनिराकडे जाते, शहराचे दरवाजे उघडते म्हणते, एगॉनचा जीव द्यायला पण तयार होते, आणि मागते काय तर हेलेना आणि नातीला घेऊन दूर निघून जायची मोकळीक. आयुष्यात पहिल्यांदा आईने मुलीसाठी काही मागितलं. माझी सगळी आशा तिथे आहे. ती गाडी चुकू नये.

बखरप्रेमी

ओसरी, सहदेवाचं अगदी बरोबर बसलं. फक्त एक, त्या सौद्यात अडचण अशी की इकडे दरबारातला कारस्थानी लॅरिस एगॉनला घेऊन शहरातून पळालेला आहे. म्हणजे ज्या डोक्याच्या बदल्यात सुटका ठरली ते डोकंच जागेवर नाही. रेनिरा आत येईल आणि सिंहासन रिकामं असेल, तेव्हा ती अ‍ॅलिसेंटवर विश्वास ठेवेल का? आणि नाही ठेवला तर मायलेकी परत त्याच गढीत, त्याच खिडकीशी.

सह्यकडा, तुम्ही म्हणता हात बांधलेले आहेत, पण चौथा सीझन शेवटचा आहे असं जाहीर झालंय, म्हणजे तिला किती वेळ देतात हे त्यांच्या हातात आहे. शेवट तोच ठेवा हवा तर, पण त्याआधी तिला स्वतःच्या तोंडाने चार वाक्यं बोलू द्या.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार, वाणीची दुरुस्ती पण मान्य. बखरप्रेमी, तुम्ही लिहिलेलं ड्रीमफायरचं वाचून मला ऑफिसात डोळे पुसावे लागले.

काल रात्री शेवटचा भाग तेवढा परत लावला. त्यात डेमनला हॅरनहॉल किल्ल्यातल्या झाडाखाली दृष्टान्त होतो तिथे शेवटी हेलेनाच त्याच्यासमोर उभी राहते आणि सांगते की ही सगळी एक गोष्ट आहे आणि तू तिचा एक भाग आहेस. म्हणजे त्याला त्याचं सांगितलं, एमंडला त्याचं सांगितलं, एगॉनचं पण सांगून झालं. मग मी तिची सगळी वाक्यं वहीत लिहून काढली, दोन्ही सीझनची, जेवढी सापडली तेवढी. स्वतःबद्दल फक्त तेवढं एकच, मला उंदरांची भीती वाटते. बाकी पुढचं काही नाही.

म्हणजे तिला स्वतःचं दिसत नाही, का दिसतं आणि ती बोलत नाही? बहीण म्हणते दिसत नसणार, त्या वाणीला डोळे असून दिसत नव्हतं तसं. मला मात्र एमंडशी बोलतानाचा तिचा चेहरा बघून वाटतंय की तिला माहितीये. तुम्ही तो सीन परत बघा आणि सांगा.

चिंब_पाऊस

आत्ता बघितला. माहितीये तिला.