बाबांच्या भजनांच्या सीडीत टक्-टक् येतंय, पण कॉपीत एरर नाही. कसं काय?

चाळकरी, गिरगाव
२००५ च्या गणपतीत बाबा चाळीत गायले होते. कॅसेटवरून एका दुकानात सीडी करून घेतली, ७० मिनिटांची, गच्च भरलेली. कॅसेटला बुरशी लागून ती केव्हाच गेली, आता एवढीच प्रत आहे. पहिली भजनं स्वच्छ. सातव्यापासून टक्-टक्, आणि भैरवी तर ऐकवत नाही. खालची बाजू लख्ख. कॉम्प्युटरवर कॉपी मुकाट्याने झाली, एकही एरर नाही, पण टक्-टक् तिच्यातही आहेच! ताई म्हणते टूथपेस्ट लावून घास. घासू?

जुना मिस्त्री, लॅमिंग्टन रोड
टूथपेस्ट मोरीत ठेवा आधी.
सीडीत आवाजाच्या दर २४ बाइट्समागे ८ बाइट्स दुरुस्तीसाठी असतात. शिवाय सगळे बाइट्स पत्त्यांसारखे पिसून लांबवर पेरलेले. म्हणून ट्रॅकवर, म्हणजे डेटाच्या गोल रेघेवर, सलग अडीच मिलिमीटर उडालं तरी आवाज जसाच्या तसा परत मिळतो. त्यापुढे प्लेयर आजूबाजूचे आकडे बघून मधला अंदाजाने भरतो, तेही जमेना की टक्. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचंही तेच. डेटा सीडीत २३५२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये डेटा फक्त २०४८, उरलेल्यात दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. ऑडिओत पूर्ण २३५२ आवाजच. त्यामुळे ड्राइव्ह अंदाज खपवतो आणि कॉपी 'झाली' म्हणतो.
आणि खाली काय बघताय? खाली १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे. डेटा वर, लेबलाला चिकटून. ट्यूबलाइटसमोर धरून बघा. वाचन आतून बाहेर होतं, म्हणजे भैरवी कडेला.

रात्रपाळी, ठाणे
एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचा प्रोग्राम घे, त्यात सिक्युअर मोड लाव. एकच जागा पुन्हापुन्हा वाचून ताडून बघतो. स्पीड कमी ठेव. पुसायचीच तर मधून कडेकडे, गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच जातो, मग सलग मोठा तुकडा हातचा जातो.

चाळकरी, गिरगाव
धरली ट्यूबलाइटसमोर. कडेला बॉलपेनने 'बाबा – भजनं' लिहिलंय, अक्षर माझंच. दुसऱ्या 'बा'च्या कान्यात दोन भोकांतून उजेड येतोय.
ताईला अजून बोललो नाही.
सिक्युअर मोडवर सातव्यात आता दोनच टक् उरले. भैरवीला मित्राचा जुना ड्राइव्ह लावलाय, पाऊण तास झाला, अजून घरघरतोय.

जुना मिस्त्री, लॅमिंग्टन रोड
घरघरू दे. मधे काढू नका.