सोसत बसू नका, ताई

पाळी जाताना अंगातून वाफा येतात, रात्री झोप मोडते, आणि सासूबाई म्हणतात 'बाईला सोसावंच लागतं', हे तुम्ही लिहिलेलं वाचून जीव कळवळला. मी बेळगाव-वडगावची, वय 49, घरात माग आहे. मागापाशी उभी असताना छातीपासून कानापर्यंत आग चढायची. पदरानं मान पुसत मागल्या दारात जायची, तर घाम फुटून उलट थंडीच वाजायची.

या वयात इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं हार्मोन, कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र थोड्याशा उष्णतेलाही बिचकतं, म्हणून हे होतं. सुती गाऊन, उशाशी पाण्याचा तांब्या, संध्याकाळनंतर चहा बंद, एवढ्यानं मला थोडं बरं वाटलं. खरा फरक डॉक्टरांनी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी पडला. कन्नडात नीट सांगता येणार नाही म्हणून दोन वर्षं डॉक्टरकडे गेलेच नव्हते. शेवटी शेजारणीला सोबत नेलं. पण या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी सांगा. थायरॉईडही तपासून घ्या, त्यातही असाच घाम येतो.

आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा नुसता डाग दिसला तरी लगेच दाखवा. माझ्या जावेनं चार महिने लपवलं होतं.