आपत्ती नियंत्रण कक्षाला वेगळी इमारत हवीच!

कोयनाकाठ : परवा इथे कुणीतरी लिहिलं, "नियंत्रण कक्षासाठी वेगळी भूकंपरोधक इमारत म्हणजे उधळपट्टी, जिल्हाधिकारी कार्यालयातली एक खोली आणि चार फोन पुरेत." वाचून डोकं फिरलं. आमचा पट्टा भूकंपक्षेत्र चारमध्ये येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची काय दशा झाली, ते आमच्याकडे घरोघर सांगतात. जिथून मदत हलवायची तीच इमारत बसली तर फोन उचलणार कोण? २००१ साली भुजमध्ये जिल्हा रुग्णालयच कोसळलं. नंतर तिथे रबर-शिशाच्या, धक्का शोषणाऱ्या बेअरिंगवर नवं उभारलं. म्हणजे आपल्याला जमतं. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकात अशा इमारतींना महत्त्व गुणांक १.५ दिलाय, म्हणजे दीडपट जोर धरून बांधा म्हणतात, तो कशासाठी?

वाशिष्ठीकाठ : ते मीच लिहिलं होतं, आणि एक शब्दही मागे घेत नाही. भूकंप कधीतरी येतो, पाणी दर पावसाळ्यात उंबऱ्याशी असतं. २२ जुलै २०२१ ला आम्ही चिपळूणला गच्चीवर बसून फोन लावत होतो. खाली गल्लीत गॅसचे सिलिंडर तरंगत होते. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. नियंत्रण कक्ष जपानी दर्जाचा असता तरी माझा आवाज तिथे पोचला नसता. त्या पैशात गावोगाव वायरलेस द्या. भुजला हॅम रेडिओवाल्यांनीच, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांनीच, निरोप पोचवले होते.

सळई-सिमेंट : जपानचं नाव काढलंत म्हणून सांगतो. मिनामिसानरिकूचं तीन मजली आपत्ती निवारण केंद्र ११ मार्च २०११ च्या भूकंपात टिकलं. मग त्सुनामी त्याच्या गच्चीवरून गेली, लोकांना सावध करणारे कर्मचारी वाहून गेले. सांगाडा आजही उभा आहे. एकाच संकटाचा हिशोब केला की असं होतं. आपल्याकडे तर खांब-तुळयांच्या पुढे कुणी बघतच नाही. एका सरकारी इमारतीच्या तपासणीत जनरेटर तळघरात दिसला. बॅटऱ्या रॅकवर सुट्या, रॅकला एक बोल्ट नाही. जरा जोराचा धक्का बसला की वायरलेस गेलाच. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातही त्याच त्सुनामीत आणीबाणीचे डिझेल जनरेटर तळघरातच बुडाले होते.

रात्रपाळी : जनरेटरचं निघालंच आहे तर ऐका. मी नियंत्रण कक्षात पावसाळी रात्रपाळ्या काढल्यात. जनरेटरच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तो नदीपलीकडच्या गावात राहायचा. पूल पाण्याखाली गेला की किल्लीही पलीकडेच. डिझेलचं बिल मंजूर होईपर्यंत पंपवाला उधार देत नसे. देखभालीचं कंत्राट कागदावर चोख.

सळई-सिमेंट : किल्ली कार्यालयात ठेवायला कुणी अडवलं होतं? तो व्यवस्थेचा प्रश्न, डिझाइनचा नाही.

रात्रपाळी : अडवणारे साहेबच होते! चोरी झाली तर जबाबदार कोण, हा त्यांचा सवाल. डिझाइन करणाऱ्याने एकदा रात्री दोनला तिथे बसून बघावं. स्वच्छतागृहाला पाणी नसायचं, झोपायला जागा नसायची. तीन दिवस माणसं तिथेच अडकली तर खातील काय, हे कुठल्या नकाशात असतं?

वाशिष्ठीकाठ : बघा! चार भिंतींवर कोटी घालणार आणि आत किल्ली नाही.

कोयनाकाठ : धागा इमारतीचा आहे, किल्लीचा नव्हे! रात्रपाळींचं दुःख खरं आहे, मान्य. पण छत डोक्यावर आलं तर ते किल्ली कुणाकडे मागणार? आणि तुमच्या गावच्या वायरलेसला उत्तर द्यायला जिल्ह्यात माणूस जिवंत लागतो, त्याचं काय?

वाशिष्ठीकाठ : ओरडू नका. तुमचा भूकंप खरा आणि आमचा पूर किरकोळ, असं नाही चालणार. इमारत बांधाच, पण लाल पूररेषेच्या, म्हणजे मोठ्यात मोठ्या पुरासाठी आखलेल्या रेषेच्या, बाहेर, जनरेटर वरच्या मजल्यावर. यापुढे मी एक इंच सरकणार नाही. आणि तालुक्याचे वायरलेस त्याच निविदेत हवेत. "दुसऱ्या टप्प्यात" म्हणालात की आमच्या वाट्याला काही येत नाही, हा अनुभव आहे.

सळई-सिमेंट : त्याच निविदेत घ्या, माझी ना नाही. रॅकचे बोल्टही त्यातच लिहा.

रात्रपाळी : आणि दुसरी किल्ली.