मदत हवी आहे: कुबरनेटिस, नोड बदलला की डीएनएस बंद

क्लाऊडवर तीन व्हीएम (आभासी मशीन, म्हणजेच नोड) घेऊन क्यूबएडीएम या साधनाने कुबरनेटिसचा (कंटेनर चालवणारी, सांभाळणारी प्रणाली) क्लस्टर उभा केलाय: एक कंट्रोल प्लेन (क्लस्टर सांभाळणारा नोड), दोन वर्कर (ॲप्स चालवणारे नोड). उबुंटू २२.०४, कंटेनर चालवायला कंटेनर-डी, नोडमधल्या नेटवर्कसाठी फ्लॅनेल (व्हीएक्सलॅन, म्हणजे पाकिटं यूडीपीत गुंडाळून पाठवायची पद्धत). तिन्ही नोड 'रेडी' दिसतात.

अडचण अशी: एका नोडवरच्या पॉडमधून (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) दुसऱ्या नोडवरच्या पॉडला पिंग व्यवस्थित जातो. पण कोअर-डीएनएस (क्लस्टरमधला डीएनएस सर्व्हर) ज्या नोडवर आहे, तो सोडून बाकीच्या नोडवरून एनएसलुकअप (नावावरून आयपी शोधणं) केलं की टाइमआउट. सर्व्हिसच्या आयपीवर कर्ल केलं तर तेही लटकतं. त्याच नोडवर असेल तर सगळं सुरळीत.

यूडीपी ८४७२ आणि टीसीपी ६४४३, १०२५० हे पोर्ट सिक्युरिटी ग्रुपमध्ये उघडे आहेत. आयपी फॉरवर्डिंग चालू, बीआर-नेटफिल्टर लोड केलेलं, पॉडची रेंज १०.२४४.०.०/१६, क्यूबएडीएम आणि फ्लॅनेल दोन्हीकडे तीच. टीसीपीडंपमध्ये पाकिटं समोरच्या नोडवर पोचताना दिसतात, पण 'बॅड यूडीपी चेकसम' (पाकीट बिघडलंय का हे तपासायचा आकडा चुकीचा) असा शेरा येतो. म्हणून ईथटूल या कमांडने फ्लॅनेलच्या इंटरफेसवर चेकसम ऑफलोड (चेकसम मोजायचं काम नेटवर्क कार्डावर सोपवणं) बंद केलं, आणि डीएनएस लगेच चालू! रीबूट केलं की मात्र पुन्हा जैसे थे, कारण तो इंटरफेस नव्याने तयार होतो.

मॅनेज्ड सर्व्हिस (क्लाऊड कंपनीनेच सांभाळलेलं कुबरनेटिस) बजेटमध्ये बसत नाही, आणि फ्लॅनेलऐवजी कॅलिकोवर जा असं सांगू नका प्लीज, क्लस्टरवर टेस्टिंगचं काम चालू आहे.

हे सेटिंग कायमचं कुठे टाकायचं: यूडेव्ह रूलमध्ये (इंटरफेस तयार होताच चालणारा नियम), सिस्टमडी युनिटमध्ये (बूट होताना चालणारी सेवा), की डीमनसेटमधून (प्रत्येक नोडवर एक पॉड चालवणारी सोय)? नवीन वर्कर जोडल्यावर आपोआप लागू होईल असं यातलं कुणी प्रत्यक्ष वापरतंय का?