साधा इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यावा की मोबाईलला जोडणारा?

विश्रामबागकरीण, सांगली

घरात तिघांसाठी इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यायचाय. मुलगा १४ वर्षांचा, दातांना तारा बसवल्यात. सासूबाईंच्या बोटांना संधिवात, साधा ब्रश धरवत नाही. काही दात स्वतःचे, बाकी काढता येणारी कवळी. मिस्टर फार जोरात घासतात, हिरड्या मागे सरकल्यात. बाजारात पेन्सिल सेलवर चालणाऱ्यापासून ते ब्लूटूथवाल्या दहा-बारा हजारांच्या ब्रशपर्यंत सगळं दिसतं. दिवाळीला दीर अमेरिकेहून येतायत, तिकडून स्मार्ट ब्रश आणतो म्हणतात. ॲपचा खरंच उपयोग होतो का, आणि तिकडचा ब्रश इथे चालेल का?

मिरजेचा दातवाला

ताई, तिघांची गरज एक नाही, म्हणून वेगवेगळं बघू.

जोरात घासणाऱ्या माणसाला सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे प्रेशर सेन्सर. ब्रश जास्त दाबला की लाल दिवा लागतो किंवा मोटरचा वेग उतरतो. त्यासाठी मोबाईल लागत नाही. मधल्या किमतीच्या, ॲप नसलेल्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो असतो. दिवा कुठे आहे ते मात्र घेण्याआधी बघा. काही ब्रशांत तो दांड्याच्या मागच्या बाजूला असतो, घासताना आरशात दिसतच नाही. ब्रशच्या मानेभोवती गोल कडं उजळणारा बरा. मागे गेलेली हिरडी कुठल्याही ब्रशने परत जागेवर येत नाही, पण पुढचं नुकसान थांबवता येतं.

मिस्टरांना पद्धतही बदलावी लागेल. वाटाण्याएवढी पेस्ट घ्यायची, आणि ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबायचं. गोल डोक्याचा असेल तर एकेका दातावर २-३ सेकंद टेकवून पुढच्यावर सरकायचं: आधी बाहेरची बाजू, मग आतली, शेवटी चावायची. लांबट डोक्याचा, वेगाने थरथरणारा सोनिक असेल तर ब्रिसल्स हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवून सावकाश पुढे न्यायचे. दांडा मुठीत आवळायचा नाही, पेनासारखा बोटांत धरायचा. सोनिक दाबून धरला तर आवाज येत राहतो, पण ब्रिसल्सचं हलणं तिथेच मरतं आणि दातावरचा थर तसाच राहतो.

मुलाला ब्रशच्या टायमरची २ मिनिटं पुरणार नाहीत. तारेच्या वरून एक फेरी, खालून एक फेरी, म्हणजे टायमर संपल्यावर पुन्हा बटण दाबून दुसरी पाळी. तारांसाठी वेगळं ऑर्थो हेड (ब्रशचं बदलता येणारं डोकं) मिळतं, मधले ब्रिसल्स आखूड असलेलं. ज्या कंपनीचा ब्रश घेणार तिचं ते हेड इथे मिळतं का, हे आधी विचारा. ब्रॅकेटच्या (तार अडकवायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या) बाजूला, तारेखाली जिथे पांढरे डाग पडायला लागतात, तिथे फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवावाच लागतो. ते काम कुठलाच इलेक्ट्रिक ब्रश पूर्ण करत नाही.

सासूबाईंना जाड, रबरी पकडीचा दांडा आणि एकच बटण. बटण त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याने दाबून बघू द्या. पाच-पाच मोडवाले ब्रश त्यांच्या कामाचे नाहीत. चुकून बटण दोनदा दाबलं गेलं की मोड बदलतो आणि मग ब्रश बिघडला असं वाटतं. कवळी बाहेर काढून साध्या मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवायची, तिच्यावर पेस्ट लावायची नाही. पेस्टने कवळीच्या ॲक्रिलिकवर (प्लास्टिकवर) चरे पडतात. आणि राखुंडी, कोळशाचं मंजन किंवा मीठ इलेक्ट्रिक ब्रशला कधीच लावू नका. हाताने जेवढं घासलं जातं त्याच्या कितीतरी पट घासलं जाऊन दाताच्या मुळाशी खाच पडते. मशेरीचे किंवा चहाचे काळे डाग आणि घट्ट झालेलं कीट ब्रशने निघत नाही, त्याला दंतवैद्याकडे स्केलिंगच (दातांची साफसफाई) लागतं.

आता ॲप. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात ५६ चाचण्या घेतल्या होत्या. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने तीन महिन्यांनंतर प्लाक (दातावरचा चिकट थर) सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी दिसली. ही तुलना हाताच्या आणि मोटरच्या ब्रशची आहे. ब्लूटूथ असलेल्या आणि नसलेल्याची नव्हे. हा फायदा मोटरच्या ब्रशचा आहे आणि तो अडीच-तीन हजारांच्या ब्रशमध्येही मिळतो. माझा सल्ला: २ मिनिटांचा टायमर, तोंडाचा पुढचा पाव भाग घ्यायला दर ३० सेकंदांचा इशारा, प्रेशर सेन्सर आणि गावात मिळणारी हेड. या चार गोष्टी बघा, बाकी सगळं हौसेचं.

वायंडिंगवाला

डॉक्टरांनी दाताचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. अमेरिकेचा ब्रश आणण्याआधी दिरांना चार्जरच्या तळाचं लेबल वाचायला सांगा. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ’ लिहिलं असेल तर नुसती पिन बदलणारा ॲडाप्टर पुरे. पण तिकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ब्रशांचे चार्जर फक्त ११०-१२० व्होल्टचे असतात. चार्जरच्या आत कॉईल असते आणि दांड्यात दुसरी. दोघींमध्ये तार नाही, चुंबकीय क्षेत्रातून वीज जाते. आपल्या २३० व्होल्टवर तो लावला की पहिली कॉईल तापते, वास येतो आणि चार्जर गेला. दुकानात शंभर रुपयांत मिळणारा ‘कन्व्हर्टर’ पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. यात फार जण फसतात. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण एवढ्याशा ब्रशसाठी तो बाथरूमच्या बोर्डाला लटकवण्यात अर्थ नाही. तिकडची वॉरंटीही बहुतेक वेळा इथे चालत नाही.

बॅटरीचंही विचारा. स्वस्त ब्रशांत निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो, पूर्ण भरायला १६ तासांच्या आसपास लागतात. लिथियमवाला लवकर भरतो आणि जास्त दिवस चालतो. ब्रश एकदा भरला की आठवडाभर तरी जातो, त्यामुळे लाईट जाण्याची चिंता नको आणि चार्जर बाथरूममध्ये ठेवायची गरजही नाही. रविवारी बाहेरच्या खोलीत लावून सोडला तरी भागतं. पेन्सिल सेलवाल्याची अडचण वेगळी: सेल उतरत जातो तसा वेग हळूहळू पडतो, कळत नाही, आणि माणूस महिनाभर नुसता गुरगुरणारा ब्रश फिरवत बसतो. दोन-तीन दिवस बाहेरगावी जायचं असेल तर ठीक, रोजच्याला नको.

आतला सेल सोल्डर केलेला असतो. बदलता येतो, पण दांडा एकदा उघडला की पाणी अडवणारं सील पूर्वीसारखं बसत नाही. म्हणून बारा हजारांचा असो की अडीचचा, सेल गेला की ब्रश बहुधा गेलाच. किंमत ठरवताना हे डोक्यात ठेवा.

कुपवाडकर

ॲपची बाजूही मांडतो, कारण काही जणांना ते खरंच कामाला येतं. दांड्यात ॲक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. हात कुठल्या कोनात आहे यावरून ब्रश तोंडाच्या कुठल्या भागात आहे याचा अंदाज काढला जातो, कुठे ६ भागांत, कुठे १६. खालच्या दाढांची आतली बाजू रोज सुटणारे पुष्कळ असतात. त्यांना पडद्यावर तो भाग राखाडी राहिलेला दिसला की महिन्याभरात सवय बदलते. तारा असलेल्या मुलावर सतत ओरडण्यापेक्षा हे बरं.

पण ॲपला प्लाक दिसत नाही. ब्रश त्या भागात किती सेकंद होता, फार तर किती जोरात दाबला, एवढंच ते सांगतं. मान फिरवून किंवा चालता-चालता घासलं तर भाग चुकतो. अँड्रॉइड ११ किंवा आधीच्या फोनवर ब्लूटूथ जोडताना लोकेशनची परवानगी मागतं, १२ पासून जवळपासची उपकरणं अशी वेगळी परवानगी आहे; लोकेशन मागितलं म्हणून घाबरू नका, पण खातं उघडताना काय-काय माहिती भरताय ते वाचा. ॲप उद्या बंद पडलं तरी ब्रश चालू राहतो. मुलासाठी घ्यायचाच असेल तर ॲपवाल्यातला सगळ्यात खालचा घ्या. वरच्या मॉडेलमधला रंगीत पडदा घासताना कोणी बघत नाही.

विश्रामबागकरीण, सांगली

अमेरिकेचं रद्द. अजून दोन शंका. एकच दांडा घेऊन तिघांना वेगळी हेड चालतील का? आणि उन्हाळ्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी असतं, मानेजवळ पांढरं साचतं म्हणतात, ते काय करायचं?

मिरजेचा दातवाला

दांडा एक, हेड वेगळी, हे चालतं. काही कंपन्यांच्या हेडला ओळखण्यासाठी रंगीत रिंग असते. फक्त सकाळी तिघांची घाई एकाच वेळी असेल तर दोन दांडे घ्या: सासूबाईंचा वेगळा, बापलेकाचा प्रेशर सेन्सरवाला एकत्र. ॲपवाला मात्र वाटून घेऊ नका, तिघांची नोंद एकाच्या खात्यात मिसळते. सासूबाईंना पेसमेकर असेल तर आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

हेड दर तीन महिन्यांनी, ब्रिसल्स बाहेर वळले तर त्याआधी. तिघांची वर्षाला १२ हेड होतात. एक २५० ते ४०० रुपयांना धरलं तर ३,००० ते ४,८०० रुपये, म्हणजे खरा खर्च इथे आहे. अगदी स्वस्तात मिळणारी बनावट हेड घेऊ नका. ब्रिसल्सची टोकं गोल केलेली नसतात, हिरडी सोलवटते, आणि सैल बसलेलं हेड घासता-घासता तोंडात निसटू शकतं.

वायंडिंगवाला

पांढरं साचतं ते क्षार. वापरून झालं की हेड ओढून काढा, दोन्ही वेगवेगळे धुवा आणि हेड परत न लावता उभं वाळू द्या. हेडच्या पोकळीत पेस्ट आणि पाणी साचून काळा गाळ होतो, तोच दांड्याच्या रबरी सीलवर उतरतो आणि सील कडक होतं. आठवड्यातून एकदा, हेड जिच्यावर बसतं त्या धातूच्या दांडीभोवती ओला इअरबड फिरवा. क्षार घट्ट बसले असतील तर व्हिनेगर थोडं पाण्यात मिसळून त्यात फक्त हेडचं खालचं टोक दहा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. दांडा त्यात बुडवायचा नाही. ब्रश ओला असताना चार्जरवर ठेवू नका, तळाशी पाणी साचून तिथेही तेच होतं.