मदत हवी आहे : माल पोचला, मॅन्युअल राहिलं. गिऱ्हाइकांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात एमआयडीसीत आमचं पाच माणसांचं युनिट आहे. मायक्रोलाइट, म्हणजे एक-दोन माणसांच्या हलक्या विमानांसाठी इंजिन मॉनिटर बनवतो. सिलिंडर हेडचं आणि एक्झॉस्टचं तापमान, आरपीएम, ऑइल प्रेशर, सगळं एका स्क्रीनवर. नवं मॉडेल श्रावणात पाठवायला लागलो. पेटीत मॅन्युअलऐवजी चिठ्ठी होती, "गणपतीपर्यंत मेलवर येईल." गणपती गेले. मग दिवाळी म्हणालो, तीही गेली. आता तिसरी तारीख सांगायला तोंड नाही.

कारण सांगतो, बहाणा म्हणा हवं तर. सॉफ्टवेअर लिहिणारा आणि मॅन्युअल लिहिणारा एकच, तो म्हणजे मी. एक मेनू बदलला की सहा पानांची चित्रं शिळी. म्हणून "आधी सॉफ्टवेअर पक्कं होऊ दे" म्हणत राहिलो. ते काही पक्कं होत नाही.

तोवर कुणी विचारलं की कागदावर वायरिंग काढून व्हॉट्सॲपवर फोटो धाडायचो. तिथंच फसलो. एकाला २५ पिनी कनेक्टरचं चित्र पाठवलं, पण ते समोरून बघितलेलं की सोल्डरच्या बाजूनं, हे लिहायचंच राहिलं. मागून बघितलं की डावं-उजवं फिरतं, १ च्या जागी १३ येते. आमच्यात १ वर प्लस, १३ वर ग्राउंड! प्लस-मायनस उलटे लागले तर वाचवणारा डायोड टाकलेला होता म्हणून मॉनिटर वाचला.

दुसऱ्याचा फोन, "अहो, इंजिन तापतंय तसा तुमचा आकडा खाली उतरतोय." बघतो तर के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, तापमान मोजणारा सेन्सर) अमेरिकन रंगांचं. त्यात पिवळी तार प्लस आणि लाल मायनस. लाल म्हणजे प्लस हे आपल्या हातात बसलेलं, त्यांची काय चूक? तिसऱ्यानं तार कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडली. के टाइपला वाढीव तारही के टाइपचीच लागते, नाहीतर जोड जिथं तापेल तिथं आकडा चुकतो. हेही मॅन्युअलात येणार होतं.

गेल्या आठवड्यात वैमानिकांच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "पैसे आगाऊ घेतात, कागद देत नाहीत." खोटं नाही, म्हणून जास्त लागलं.

तर अर्धवट मॅन्युअल पाठवू का? भीती ही की अर्धवट पीडीएफ एकदा सुटली की वर्षानुवर्षं फिरत राहते. आणि सगळ्यांना एकच पत्र लिहू की एकेकाला फोन करू?

प्रतिसाद १
हवाई दलात टेक्निशियन होतो, आता कोरेगावला शेती. आमच्याकडे कागद समोर नसेल तर पान्याला हात लावायचा नाही, अशी शिस्त. तुम्ही दोन पुस्तकं करा. जोडणीचं वेगळं, वापराचं वेगळं. जोडणी सॉफ्टवेअरबरोबर बदलत नाही, ती आजच द्या. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख, सुरुवातीला कुठलं पान कुठल्या तारखेचं याची यादी. कुठल्या सिरियल नंबरला काय पाठवलं ते वहीत लिहा. आणि ते व्हॉट्सॲपचे फोटो आधी रद्द म्हणून कळवा.

प्रतिसाद २
गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलतो. उशिराचा राग येत नाही हो, गप्प बसण्याचा येतो. फोनच करा. त्या ग्रुपवाल्याला सगळ्यात आधी.

धागाकर्ता
काका, जोडणीचं वेगळं काढायचं हे सुचलंच नव्हतं. रात्री बसलो, अकरा पानं झाली. ग्रुपवर ज्यांनी लिहिलं होतं त्यांना सकाळी फोन केला. दहा मिनिटं ऐकून घेतलं, मग तेच म्हणाले, पाठवा, मी तपासून देतो. तारीख वापराच्या पुस्तकाचीही विचारली. दिली नाही, दर शनिवारी जेवढं होईल तेवढं पाठवतो म्हणालो.

आता एक वेगळीच अडचण. कनेक्टरवरचे पिनचे आकडे इतके बारीक आहेत की मोबाइलच्या फोटोत येत नाहीत. सातारा ते कराड कुणाकडे मॅक्रो लेन्स आहे का? दोन दिवसांत परत आणून देतो.