मदत हवी आहे: लॅपटॉपमध्ये नवी रॅम बसत नाहीये, तातडीचं आहे

सिडको_नाशिक: काल एमजी रोडवरून ८ जीबी रॅम आणली. मागचं झाकण उघडून जुनी पट्टी काढली, पण नवी खाचेत जातच नाही. जोर लावू का? २० तारखेच्या आत चार जणांचं जीएसटी रिटर्न भरायचंय आणि टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडली की लॅपटॉप गोठतो. लवकर सांगा.

गोदाकाठ: जोर अजिबात लावू नका, स्लॉट तुटेल! मॉडेल कोणतं? जुन्या पट्टीच्या लेबलवर काय लिहिलंय?

सातपूरकर: रॅम सोडा, आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाका. जुनी फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक एमबी वाचते, साधी एसएसडी पाचशे. माझा लॅपटॉप सुरू व्हायचा वेळ पाच मिनिटांवरून वीस सेकंदांवर आला.

पिंपळगाव_बागायतदार: चार जीबीत टॅली आणि ब्राउझर एकदम चालवले तर एसएसडी तरी काय करणार? रॅम भरली की विंडोज उरलेलं काम डिस्कवर ढकलतं आणि सगळं मंदावतं. रॅम हवीच.

सातपूरकर: ताईंकडे चारच जीबी आहे हे कुठे लिहिलंय?

मखमलाबाद: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाका.

पिंपळगाव_बागायतदार: काका, त्यांचं टॅलीवर काम आहे, रिटर्न तोंडावर आलंय. आत्ता नको.

 

सिडको_नाशिक: प्रोसेसर आय३, पाचवी पिढी. चार जीबीच आहे. जुन्या पट्टीवर पीसी३एल-१२८००एस, नव्यावर पीसी४.

गोदाकाठ: तिथेच घोळ आहे. तुमची पीसी३एल म्हणजे डीडीआर३एल प्रकारची रॅम, २०४ पिनांची. आणलीत ती पीसी४ म्हणजे डीडीआर४, २६० पिनांची. दोन्ही शेजारी धरून बघा, मधला काप वेगळ्या जागी आहे. चुकीची बसू नये म्हणूनच तो तसा असतो. बदलून घ्या, जाताना जुनी पट्टी सोबत न्या. बसवताना बॅटरी सोडवा, पट्टी तिरकी सरकवून खाली दाबा, दोन्ही क्लिपा टक् वाजल्या पाहिजेत.

सिडको_नाशिक: दुकानदार बदलून देतोय, डीडीआर३एल उद्या येईल म्हणाला. अडीच इंची एसएसडीही घेते. टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतलाय. विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

सातपूरकर: नाही ताई. यूएसबी केबलने एसएसडी जोडून क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची विंडोजसकट हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवा. पण रिटर्न भरून झाल्यावरच हात लावा.